बेलाच्या पाण्यात भिजलेली फुलपाखरं

पहाटे टँकरचा हॉर्न वाजला की माझी नात गौरी उशी कानावर दाबून धरते आणि मी अंथरुणात उठून बसते. यंदा पुन्हा लातूरच्या गल्ल्यांतून टँकर फिरायला लागलेत. सरकार अजून टंचाई म्हणतंय. दुष्काळ म्हणायला त्यांना जरा वेळ लागतो, आम्हाला हॉर्न पुरतो.

गौरी नांदेडहून परीक्षा देऊन आलीय. काल मी द्राक्षं धुतली, ते पाणी पातेल्यात धरलं, त्यातच पालकाची जुडी बुडवली आणि गढूळ झालेलं पाणी कुंडीत ओतलं. ती दाराला टेकून बघत होती.

"आजी, तुझ्या घरात पाण्याला रिटायरमेंटच नाही का गं?"

"मला तरी कुठंय?"

"पण हे शिकवलं कुणी तुला?"

"फुलपाखरांनी," मी म्हटलं. पोरीला वाटलं, म्हातारी उन्हानं बहकली. तिनं पंख्याचं बटण वाढवलं आणि मला खाली बसवलं. बसल्या जागी मग तो जुना उन्हाळा वर आला. उन्हाळे असेच येतात. पावसाळ्यासारखे गाजावाजा करत नाहीत. मातीच्या भिंतीतून ऊब यावी तसे हळूहळू पाठीला लागतात.

त्या उन्हाळ्यातली मी आज रस्त्यात समोरून आले, तर मी पलीकडच्या फुटपाथनं जाईन. लग्न होऊन नांदेडहून लातूरला आलेली, पदवीला नुकतीच दुसऱ्या वर्गात पास झालेली, आणि जगाला आपली फार गरज आहे अशी ठाम समजूत असलेली मुलगी. रुखवतात सगळ्यांच्या असतात तशी भांडी होती, पण ट्रंकेच्या तळाशी, शालूच्याही खाली, टपाल तिकिटांचा अल्बम होता. तिकिटं जमवणं हा राजेलोकांचा छंद, असं मला शाळेत कुणीतरी सांगितलं होतं. राज्य नव्हतं, पण नाक तेवढं वर होतं. भाजीवालीलासुद्धा मी एकदा 'फिलाटेली' म्हणजे काय ते समजावून सांगितलं होतं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि वांगी किडकी दिली.

त्याच्या दीडेक वर्ष आधी टपाल खात्यानं फुलपाखरांची चार तिकिटं काढली होती. तीन माझ्यापाशी होती. चौथं, सगळ्यांत भारी किमतीचं, हिमालयाकडचं हिरव्या पंखांचं, नव्हतं. तिकिटांवर बारीक अक्षरांत लॅटिन नावं. ती मी आरशासमोर उभी राहून पाठ केली होती. एकाचाही उच्चार बरोबर नसणार याची आज मला खात्री आहे. लातुरात तेव्हा ते सांगणारं कुणी भेटलं नाही, एवढंच माझं नशीब.

भारी किमतीची तिकिटं रजिस्टर पत्रांवर आणि जाड पाकिटांवर लागत. 'हे' अर्धापूरला बँकेत होते. शनिवारी येताना एका हातात केळ्यांची फणी, आणि खिशात ऑफिसातल्या पाकिटांचे फाडलेले कोपरे. बायका नवऱ्यानं गजरा आणला का ते बघतात. मी खिसा चाचपायची. आत टपाल खात्याचा काळा शिक्का मिशीसारखा चोपडलेलं एखादं तिकीट निघालं की माझा आठवडा सोन्याचा.

आणि तिकीट कागदावरून सोडवायचं म्हणजे भिजवायला लागतं. इथेच सगळं अडलं.

लातूर जिल्हा झाला तो त्याआधीच्या पावसाळ्यातच. उस्मानाबादपासून सुटून आपला आपण जिल्हा. गोलाईच्या बाजारात पेढे वाटले, दुकानांच्या पाट्यांवर 'जि. उस्मानाबाद' पुसून 'जि. लातूर' रंगवलं, आणि जुनी अक्षरं नव्या रंगाखालून बरेच दिवस डोकावत राहिली. पेढे वाटून झाले आणि पाऊस मात्र पाठ फिरवून गेला. होळीपर्यंत आमच्या आडाचा तळ दिसायला लागला. नव्या जिल्ह्यात नवे साहेब आले, नव्या जीपगाड्या आल्या, आणि पाठोपाठ टँकर.

माझ्या सासूबाईंना सगळे अव्वा म्हणत. माहेर त्यांचं निलंग्यापलीकडचं, कानडी मुलखाला टेकलेलं. बुटक्या, काळ्यासावळ्या, आणि बोलताना डोळे बारीक करणाऱ्या. घरातल्या पाण्याचा कारभार त्यांच्याकडे. प्रत्येक पाण्याची पुढची नेमणूक ठरलेली असायची: तांदूळ धुतलेलं डाळीला, डाळीचं भांड्यांना, भांड्यांचं न्हाणीला. अशा घरात मी एका दुपारी पितळी वाटीत रांजणातलं पाणी घेतलं, त्यात पाकिटांचे कोपरे सोडले आणि चिमटा हातात धरून एखाद्या डॉक्टरणीसारखी बसले.

"काय करायलीस गं नंदे?"

"तिकिटं भिजवतेय, अव्वा."

"पान्यात?"

"भिजवायचं म्हणजे पाण्यातच ना?"

"व्हय की. मी म्हटलं, नांदेडला दुसऱ्या कशात भिजवत असतील. गोदावरीकाठची मानसं तुमी."

अव्वांनी वाटी उचलून डोळ्यांपाशी नेली. तळाशी लाल पंखांचं फुलपाखरू कागदापासून सुटत होतं, पाण्यात हलत होतं.

"ह्ये प्यायचं पानी हाय."

"वाटीभर तर आहे."

"वाटीभरच हाय, म्हणून तर म्हणायले."

मला वाटलं, आता ओतून देतील. त्यांनी दिलं नाही. वाटी खाली ठेवली, खूप वेळ आत बघत राहिल्या आणि विचारलं, "ह्येला पानी शुद्धच लागतंय का? येकदा वापरल्यालं चालतंय?"

आमचं घर लिंगायतांचं. अव्वा रोज सकाळी गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करत, भस्म लावत आणि वर बेलाचं पान ठेवत. बेल परसातल्याच झाडाचा. पण फाल्गुनात झाडानं सगळी पानं टाकली होती. बेल शिळा होत नाही, धुऊन पुन्हा वाहता येतो, असं आमच्यात धरतात. म्हणून अव्वांनी निवडक पानं जपून ठेवली होती आणि तीच रोज वाटीभर पाण्यात धुऊन वाहत होत्या. दुसऱ्या दिवशी पूजा आटोपल्यावर त्यांनी ती वाटी माझ्यापुढे ठेवली.

"घे. देवाचं झालं, आता तुझ्या पाखरांचं होऊ दे."

त्या दिवसापासून टपाल खात्याची फुलपाखरं आमच्याकडे बेलाच्या पाण्यात न्हाऊ लागली. त्या पाण्याला एक कडसर, हिरवा वास असायचा. जुना अल्बम कधी उघडला तर तो वास येतो असं मला वाटतं. आता इतक्या वर्षांत कसला वास राहतोय? माझ्याच नाकाचे चोचले ते.

तिकिटं निघाली की वाटीतलं पाणी परत परसात जायचं, बेलाच्या आळ्यात. मला भलतीच शंका आली होती. तिकिटाच्या मागचा डिंक त्या पाण्यात उतरतो, त्यानं झाड मेलं तर? विज्ञानाची पदवीधर ना मी. अव्वा म्हणाल्या, "डिंक झाडातूनच येतो की. गेला म्हायेरी."

झाड मरायची भीती उगीच नव्हती. जिल्हा झाल्यापासून नव्या कचेऱ्यांतले कारकून गल्लोगल्ली खोल्या शोधत हिंडत होते. मामंजींचं भुसार दुकान दुष्काळानं ओस पडलेलं. त्यांनी परसात भाड्याची खोली काढायची ठरवली, आणि खोलीची भिंत बरोबर बेलावरून जात होती. जिवंत बेलाला कुऱ्हाड लावायची आमच्यात पद्धत नाही. पण वाळलेल्या झाडाला कोण अडवतो? मामंजी वाईट नव्हते. त्यांनी अव्वांना सरळ सांगितलं होतं, "आखितीला गवंडी येनार. तवर पालवी फुटली तर फुटली. न्हाई तर ते लाकूड हाय, झाड न्हाई."

अव्वा त्या घरात नऊवारीत अडखळत आलेली पोरगी असल्यापासून त्याच झाडाचं पान हातावर ठेवत आल्या होत्या. त्या दिवसापासून त्यांचं स्वतःचं तोंड धुतलेलं पाणीसुद्धा बेलाकडे जाऊ लागलं. आंघोळ त्या ओल्या पंचानं अंग पुसून करायला लागल्या. आणि मी? मी अल्बममध्ये रिकाम्या चौथ्या चौकोनाकडे बघून उसासे टाकत होते. घरात एक बाई तहान वाचवून झाड जगवते आहे, आणि सूनबाईंचं दुःख काय, तर हिमालयातलं फुलपाखरू अर्धापूरला उतरत नाही.

तरी त्या दिवसांची मला एक गंमत वाटते. सगळं पिवळं, करडं, भुरं झालं होतं. परसातल्या मातीला भेगा, आभाळ कळकट. हिरवा, लाल, निळा रंग बघायचा तर माझ्या अल्बममध्ये. कधी कधी दुपारी काम संपलं की अव्वा माझ्याशेजारी बसून म्हणायच्या, "उघड बरं तुझी पाखरं." मग आम्ही दोघी तिकिटं बघायचो. त्या हळूच विचारायच्या, "ही सदा अशी पंख पसरूनच असतात व्हय? दमत न्हाईत?"

मी त्यांना उडवून लावलं होतं. आज तोच प्रश्न मला पडतो. तिकिटावरचं फुलपाखरू कधी दमत नाही, त्याला तहान नसते, ते कशातून आलं तेही कुणाला ठाऊक नसतं. सरकार पंख फुटल्यानंतरच दखल घेतं. त्याआधीचं जे सरपटणं, कुरतडणं, कातडं टाकणं, त्याचं तिकीट कोण काढणार? नव्या जिल्ह्याचा समारंभ झाला तेव्हाही कमानी उभ्या राहिल्या. उन्हात घागरी घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बायका कुठल्याच फोटोत आल्या नाहीत.

चैत्र लागता लागता एका सकाळी अव्वांनी मला हाक मारली, चोरट्या आवाजात. बेलाच्या खालच्या फांदीला पालवी फुटली होती. तांबूस, चकचकीत, तेल लावल्यासारखी. नंतर वरच्या फांदीलाही. अव्वांनी मामंजींना दाखवलं नाही. "जरा मोठी होऊ दे," म्हणाल्या. "न्हान लेकरू लगेच लोकांला दाखवत न्हाईत."

आणि आठवड्याभरात त्या पानांना भोकं पडायला लागली.

भोकाचं पान देवाला चालत नाही. अव्वा एकेक पान उलटून बघत होत्या आणि मी मदतीला. एका पानावर पाखराची शीट पडलेली दिसली. झटकायला बोट लावलं, तर शीट चालायला लागली. मी किंचाळले. तिनं डोक्यातून दोन नारिंगी शिंगं बाहेर काढली, आणि कुजकट लिंबासारखा भपकारा आला. मी अंगणापर्यंत धावले. राजांचा छंद करणारी, लॅटिन बोलणारी मी, एका अळीला भिऊन पायरीवर चढून उभी होते.

"आगं माय, वाघ न्हाई तो," अव्वा म्हणाल्या. पण त्यांचाही आवाज उतरला होता. कारण अळी एक नव्हती. लहान, मोठ्या, काही शिटेसारख्या काळ्या-पांढऱ्या, काही हिरव्यागार झालेल्या. "रॉकेल आन. माझा बेल खाऊन टाकायल्यात."

मी बाटली आणायला आत गेले. चुलीपाशी उभी राहिले आणि तिथे मला शाळेतलं पुस्तक दिसलं. म्हणजे पुस्तक नव्हे, त्यातलं चित्र. गोल फिरणारे बाण: अंडी, अळी, कोष, फुलपाखरू. परीक्षेला मी ते इतकं सुंदर काढलं होतं की बाईंनी वर्गात फिरवलं होतं. पण चित्रातली अळी आणि परसातली अळी एकच, हे माझ्या डोक्यात तोवर शिरलं नव्हतं. मी रॉकेलशिवाय बाहेर आले.

"अव्वा, ती फुलपाखरं आहेत."

"कुठं?"

"तीच. अळ्या. होणार आहेत."

अव्वांनी माझ्याकडे बघितलं, मग अळीकडे. "ही?" म्हणाल्या. "तुझ्या बुकातली?"

"तसलीच."

आमचं भांडण झालं. खरंखुरं, सासू-सुनेचं. त्या म्हणाल्या, पानं गेली तर झाड गेलं. मी म्हटलं, या मेल्या तर पाप लागेल. पापाचं नाव घेतलं की अव्वा ऐकतील हे मला ठाऊक होतं; मला पापाशी काही देणंघेणं नव्हतं, मला जिवंत फुलपाखरू हवं होतं. दुसरीकडे सोडावं तर त्यांना चालेल असं लिंबाचं, कवठाचं झाड आसपास हिरवं उरलेलं नव्हतं. शेवटी अव्वांनी वाटणी केली. "खालची फांदी तुझ्या लेकरांची, वरली माझ्या देवाची." रोज सकाळी त्या वरच्या फांदीवरच्या अळ्या काडीनं उचलून खाली सोडत. अळ्यांना वाटणीपत्र मान्य नव्हतं. दुपारपर्यंत त्या परत वर.

आखिती, म्हणजे अक्षय तृतीया, आली. गवंडी आला, त्याच्याबरोबर कुऱ्हाड घेतलेला माणूस. गवंड्यानं दोरी ताणून फक्कीची पांढरी रेघ मारली. पाया आत्ता खोदायचा, भिंती पाऊस पडल्यावर. रेघ बेलाच्या बुंध्यावर चढून पलीकडे उतरली. मामंजींनी वर बघितलं. फांद्यांना पान म्हणून नव्हतं. देठ, शिरा आणि काड्या.

"वाळला की गं," ते अव्वांना म्हणाले. आवाजात कडवटपणा नव्हता. उलट थोडं वाईटच वाटलं असावं.

मी रॉकेल आणलं असतं तर आज झाडावर पानं असती. त्या घरात एक बाई महिनाभर ओल्या पंचावर राहिली होती आणि तिचं झाड मी माझ्या छंदाला खाऊ घातलं होतं. मला वाटलं अव्वा आता माझ्याकडे बोट दाखवतील. त्यांनी मामंजींचा हात धरून त्यांना खालच्या फांदीपाशी ओढलं.

"ह्ये बघा."

एक जाडजूड हिरवी अळी शेवटचा देठ कुरतडत होती. मामंजींनी कानावरची पेन्सिल काढून तिला टोचलं. शिंगं बाहेर आली. मामंजी दोन पावलं मागे सरकले, टोपी पडली, आणि गवंडी तोंड फिरवून हसला.

"वाळल्या लाकडावर ह्ये कशाला येतील?" अव्वा म्हणाल्या. "चूल पेटली न्हाई त्या घरात पंगत बसती का कधी? पानं आली हुती. ह्येंनी खाल्ली. येवढ्यांला जेवू घातलंय ह्या झाडानं, आन तुमी म्हंता मेलं."

मामंजींचं लक्ष शेजारच्या काडीवर गेलं. तिथे एका अळीनं स्वतःला कंबरेला दोरा बांधून टेकवलं होतं, पाठीवर रेलल्यासारखं, आणि तिचं हिरवं कवच झालं होतं.

"आन ह्ये काय?"

"कोष," मी म्हटलं. "आत फुलपाखरू होतंय."

"किती दिस लागतेत?"

मी तोंड उघडलं. चित्रातले बाण डोळ्यांपुढे आले, पण बाणांवर दिवस लिहिलेले नव्हते. "मला माहीत नाही, मामंजी."

"न्हाई?" त्यांनी अव्वांकडे बघितलं. "ही माहीत न्हाई म्हणायली. ह्या घरात पयल्यांदाच!"

कुऱ्हाडवाला सावलीत जाऊन बिडी ओढायला लागला. मामंजींनी टोपी झटकली, घातली, पुन्हा काढली. उन्हात उभे राहून ते बराच वेळ त्या काडीकडे बघत होते. दुकानात गिऱ्हाईक नसलं की रस्त्याकडे बघत तसे. मग गवंड्याला म्हणाले, "दोरी अलीकडं घे."

"शेठ, भिंत तिरपी यील. खोलीचा कोपरा जाईल."

"जाऊ दे."

गवंड्यानं पायानं पांढरी रेघ पुसली. अव्वा आत गेल्या आणि त्या दिवशी कितीतरी दिवसांनी त्यांनी दोन तांबे पाण्यानं आंघोळ केली. न्हाणीतून बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते. साबण गेला म्हणाल्या. साबण घरात नव्हता.

कोषातून फुलपाखरू निघालं तेव्हा मी भाकरी करत होते. बघायची राहिलेच. गेले तेव्हा ते काडीवर बसून ओले पंख वाळवत होतं. काळं, त्यावर लोण्याच्या रंगाचे ठिपके, खाली एक तांबडा डाग. मी धावत अल्बम आणला आणि तिकिटांशी ताडून बघितलं. एकाशीही जुळेना. अव्वा वाकून बघत होत्या.

"ह्येचं तिकीट न्हाई व्हय?"

"नाही, अव्वा."

"बरं झालं. चिकटून राह्यलं असतं." त्या म्हणाल्या आणि ते उडालं. लिंबाळी म्हणतात त्याला, हे मला फार वर्षांनी कळलं. हिमालयातलं हिरवं फुलपाखरूही पुढे मिळालं, एका जाड पाकिटावर. मी ते नीट भिजवून, वाळवून चौथ्या चौकोनात चिकटवलं. त्यानंतर ते पान मी फारसं उघडल्याचं आठवत नाही.

मृगानंतर बेलाला अशी पानं आली की अळ्या खाऊन दमल्या. भिंती उठल्या, पत्रे चढले, आणि नव्या कलेक्टर कचेरीतला एक कारकून उदगीरहून बिऱ्हाड घेऊन आला. त्याची बायको टापटिपीची. खोलीत खाट लावायला गेली तर खाट बसेना. एक कोपरा नव्हताच, भिंत मध्येच आत वळलेली. ती बाहेर आली, पदर खोचून.

"अव्वा, ही भिंत अशी तिरपी कशी काय हो? गवंडी झोपला होता का?"

अव्वा उंबऱ्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. मानही वर केली नाही त्यांनी.

"पाया खांदायच्या टायमाला तिथं बाळंतीन हुती, बाई. तिला कसं उठवायचं?"

ती बाई आत गेली, खाट तिरपीच टाकली. आणि जोवर त्या खोलीत राहिली तोवर त्या भिंतीपाशी आली की हळू बोलायची.